एअरलॉक गप्प झाला, बिअर अजून झालेली नाही

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: दहा लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) लावलीय, पंधरा लिटरच्या फूड ग्रेड प्लास्टिकच्या ड्रममध्ये. झाकणाला भोक पाडून रबरी रिंग आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पाणी भरलेली छोटी नळी) बसवलाय. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड तो आकडा) १.०४८, यीस्ट यूएस-०५, खोलीचं तापमान ३० च्या आसपास. पहिले दोन दिवस एअरलॉक नुसता खळखळत होता, चौथ्या दिवशी एकदम गप्प. आज पाचवा दिवस, हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी) १.०१४ दाखवतोय. शिमग्याला मुंबईची मंडळी येणार आहेत, तीन आठवडे राहिलेत. बाटल्या भरू का?

नका भरू. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सावंतवाडीचा, गोव्याच्या हद्दीत एका छोट्या परवानाधारक ब्रुअरीत अकरा वर्षं टाक्या सांभाळतोय. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते विकायला असो वा घरच्या पाहुण्यांना. गोव्यातही अबकारी खात्याचा परवाना लागतोच. तुम्ही ती बाजू बघितलीय असं धरून पुढचं लिहितो. बघितली नसेल तर ड्रमच्या आधी ती बघा.

आता बुडबुडे. एअरलॉक हे मोजायचं साधन नव्हेच. आतला वायू बाहेर जावा आणि बाहेरची हवा, चिलटं आत येऊ नयेत एवढंच त्याचं काम. वायू त्याच वाटेने जाईल याची खात्री फक्त झाकण पक्कं असेल तर. तुमच्यासारखा घरी भोक पाडलेला ड्रम शंभर टक्के हवाबंद असलेला मी अजून पाहिलेला नाही. पहिल्या दोन दिवसांत यीस्ट इतक्या जोरात वायू सोडतं की रिंगच्या फटीतून थोडा निसटला तरी उरलेला एअरलॉकमधून धडधडत जातो. जोर ओसरला की वायू थोडा, फट तेवढीच. मग सगळाच फटीतून जातो आणि एअरलॉकमधलं पाणी हलतही नाही. आत काम चालू, बाहेर शांतता. एकदा झाकणावर तळहात ठेवून हलकं दाबा. एअरलॉकमधलं पाणी वर चढून तिथेच राहिलं तर झाकण पक्कं. दाब तसाच असताना पाणी हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय. तुमचं सरकणार, पैज लावतो.

उलट बाजूनेही फसायला होतं. आंबणं केव्हाच संपलेलं असतं तरी एअरलॉक बोलत राहतो. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि थंड बिअरमध्ये तो जास्त मावतो. फ्रीजमध्ये २० अंशांवर ठेवलेला दहा लिटरचा ड्रम लाईट गेल्यावर ३० पर्यंत तापला, तर नुसत्या तापण्याने साधारण दोन लिटर वायू सुटतो. आपल्याकडे लाईट जाण्याचं काय सांगायचं! पावसाळ्यात समुद्रावर कमी दाबाचा पट्टा आला, हवेचा दाब उतरला, की तेव्हाही झाकलेला ड्रम सुस्कारे टाकतो. आमच्याकडे एक नवा मुलगा अशाच एका जूनमध्ये संपलेल्या टाकीला "परत चालू झाली" म्हणून आठवडाभर राखत बसला होता.

तेव्हा बुडबुडे मोजू नका. पाण्यापेक्षा तुमचा द्रव किती जड आहे ते मोजा. तुम्ही ते मोजलंत हे चांगलंच केलंत, पण तुमचा १.०१४ हा १.०१४ नाही.

हायड्रोमीटरच्या काचेतल्या कागदावर बारीक अक्षरात एक तापमान छापलेलं असतं, २० अंश सेल्सिअस किंवा ६० फॅरनहाइट म्हणजे १५.६ सेल्सिअस. त्या तापमानालाच त्याचा आकडा खरा. द्रव गरम झाला की पातळ होतो, तरंगणारी नळी जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. थंड देशात नमुना मुळातच १८-२० अंशांचा असतो, तिथल्या माणसाला याचा विचार करावा लागत नाही. आपल्या पडवीत नमुना ३० अंशांचा. २० ची नळी असेल तर ३० अंशांना साधारण अडीच पॉइंट वाढवायचे, १५.६ ची असेल तर साडेतीन. पॉइंट म्हणजे तिसऱ्या दशांश स्थळावरचा एक. तुमची नळी २० ची आहे असं धरलं तर १.०१४ चे झाले १.०१६५. सुरुवातीचा १.०४८ ही त्याच गरमीत घेतला असेल तर तो १.०५०५. दोन्ही आकडे एकाच तापमानाला घेतले तर मधला उतार, म्हणजे अल्कोहोलचा हिशेब, बरोबरच येतो. चुकतं ते कुठे थांबलोय ते कळणं, आणि तुमचा प्रश्न नेमका तोच आहे.

नळी खरी आहे का तेही एकदा तपासा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं. ते फ्रीजमध्ये ठेवून नळीवर छापलेल्या तापमानावर आणा आणि नळी सोडा. १.००० यायला हवा. माझ्याकडची एक नळी कायम दोन पॉइंट जास्त दाखवते. ती फेकली नाही, तिच्यावर खिळ्याने "उणे २" कोरलंय. नमुना दोन पेल्यांत दहा-बारा वेळा ओतून त्यातला वायू घालवा, नाहीतर नळीला बुडबुडे चिकटून ते तिला वर उचलतात. नळी बोटांनी गर्रकन फिरवून सोडा, डोळा पाण्याच्या पातळीला आणा आणि कडेला चढलेल्या पाण्याचा नाही, मधल्या सपाट पातळीचा आकडा वाचा.

तर तुमची बिअर १.०१६५ वर आहे. थांबायला कुठे हवी? यूएस-०५ साध्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) वर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या गोड काढ्यात, ८० टक्क्यांच्या आसपास ग्रॅव्हिटी उतरवतं. ५०.५ पॉइंटांचे ८० टक्के गेले की उरतात दहा, म्हणजे १.०१०. (अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे हा उतार आभासी असतो, सगळी साखर खरोखर तेवढी गेलेली नसते. बोहेमियाच्या कार्ल बालिंगने १८४३ च्या सुमारास साखरेच्या द्रावणांची कोष्टकं करून हे सगळं गणितात बसवलं, ब्रुअरीवाले प्लाटो अंश म्हणतात ती त्याच कोष्टकांची सुधारलेली आवृत्ती.) तुमच्या ड्रममध्ये अजून सहा-साडेसहा पॉइंट शिल्लक आहेत. माल्ट उकडताना तापमान चढं राहिलं असेल तर १.०१३ वरही थांबेल, पण १.०१६५ ला ३० अंशांच्या गरमीत यूएस-०५ आपणहून बसत नाही.

हे सहा पॉइंट बाटलीत गेले तर काय होतं ते बघा. एक पॉइंट उतरला की लिटरमागे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिअरवाले वायू 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात: लिटरभर बिअरमध्ये लिटरभर वायू म्हणजे एक व्हॉल्यूम, वजनाने साधारण दोन ग्रॅम. म्हणजे सहा पॉइंटांचे तीन व्हॉल्यूम. बाटली भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर घालाल, तिचा दीड. आधीचा विरघळलेला अर्ध्याहून थोडा जास्त. एकूण पाचच्या वर. साधी बिअरची बाटली अडीच-पावणेतीनसाठी केलेली असते. सव्वादोन व्हॉल्यूमची बिअर ३० अंशांना असली तरी आत मोटारीच्या टायरएवढा दाब असतो, तुमच्या बाटलीत तो तिपटीच्या घरात जाईल. शिमग्याला आवाज होईल, पण ढोलाचा नव्हे.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. शिकाऊ असताना, मे महिन्यात, आमच्या घराच्या माळ्यावर बारा बाटल्या ठेवल्या होत्या. दुपारी तीनला पहिली गेली, तिच्या धक्क्याने शेजारच्या चार. माळ्यावर माणूस नव्हतं म्हणून निभावलं. काचा मात्र आईच्या आमसुलांच्या बरणीपर्यंत पोचल्या, आणि वर्षभराची आमसुलं तिने उकिरड्यात टाकली. उरलेल्या सात बाटल्या मी जाडं गोणपाट टाकून, हातमोजे घालून, एकेक करून उघडल्या. त्या बाटल्या भरताना मीही एअरलॉककडेच बघितलं होतं.

आता खरी कामाची गोष्ट. वर म्हटलं की एक पॉइंट म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम वायू. हा वायू ड्रममधून निघून जातो, म्हणजे ड्रमचं वजन तेवढं घटतं. तुमच्या दहा लिटरमध्ये एक पॉइंट म्हणजे दहा ग्रॅम. १.०५०५ वरून १.०१० ला यायचं म्हणजे साधारण चारशे ग्रॅम. दुकानात, मासळीवाल्यांकडे तीस किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, पाच ग्रॅमपर्यंत वाचणारा. तो ड्रमखाली ठेवलात तर झाकण न उघडता, नमुना न काढता, अर्ध्या पॉइंटापर्यंत कळतं. तापमानाची दुरुस्ती नको, कारण वजनाला गरमी लागत नाही. झाकण गळलं तरी फरक नाही, वायू कुठूनही जावो, गेला एवढंच काट्याला कळतं. कोकणातल्या गरमीत आणि घरगुती ड्रममध्ये यापेक्षा सोपी पद्धत मला सापडलेली नाही, आणि का कोण जाणे, कोणी फारशी वापरत नाही.

दोन-तीन खाचखळगे आहेत. यीस्ट घातल्यावर लगेच पहिलं वजन घ्या, सगळा हिशेब तिथून. पहिल्या काही तासांत वायू बिअरमध्येच मुरतो, म्हणून काटा थोडा मागे राहतो, दहा लिटरला दहा-पंधरा ग्रॅम. फेस उतू जाऊन एअरलॉकमधून बाहेर आला तर ते वजन साखर खाल्ल्याचं नाही, पुसलेलं फडकं तोलून वजा करा. नमुना काढलात तर काढण्याआधी आणि नंतर वजन लिहा. सगळ्यात फसवं म्हणजे दव. आपल्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेला ड्रम दोन मिनिटांत घामाघूम होतो, आणि अंगावरचं ते पाणी सहज वीस-तीस ग्रॅम भरतं. म्हणजे दोन-तीन पॉइंट खोटे. पंच्याने खडखडीत पुसून मगच काट्यावर ठेवा, नाहीतर ड्रम आणि काटा दोन्ही फ्रीजमध्येच असू द्या.

तुमचं सुरुवातीचं वजन घेतलेलं नाही, त्यामुळे या खेपेला एकूण घट कळणार नाही. तरी आजचं वजन घ्या. आजपासून सहा पॉइंट म्हणजे साठ ग्रॅम जायला हवेत. ते जातात की नाही हे तर दिसेल!

हायड्रोमीटर सोडून द्या असं नाही. सुरुवातीला एकदा, शेवटी दोनदा तो हवाच. रोज शंभर मिली काढत बसलात तर दहा दिवसांत दहातला एक लिटर गेला, आणि दर वेळी तोटी उघडली की काहीतरी आत शिरायची संधी. काढलेला नमुना परत ड्रममध्ये ओतू नका. पिऊन टाका, चवीनेही बरंच कळतं.

बाजारात "हायड्रोमीटर द्या" म्हटलं की काय काय हातात पडतं याचेही किस्से आहेत. दुधाचा लॅक्टोमीटर दिसायला तसाच, पण त्याची पट्टी साधारण १.०१५ पासून वर. तुमची सुरुवात त्याच्या वर आणि शेवट त्याच्या खाली. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा १.१०० च्या पुढचा, शिवाय आम्लात बुडवलेला, तो घरात आणूच नका. आणि बांदा-दोडामार्गाकडे काजूच्या भट्टीवर ग्राव, म्हणजे दारूचा कडकपणा, मोजायची जी नळी असते, ती ऊर्ध्वपातन केलेल्या दारूची. साखर असलेल्या बिअरमध्ये ती काहीही बोलते. तुम्हाला हवी ती ०.९९० ते १.१०० च्या पट्टीची.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) दोन थेंबांत काम करतो म्हणून लोक घेतात. वर्ट उकळताना उत्तम. यीस्ट घातल्यावर मात्र अल्कोहोलमुळे प्रकाश वेगळा वळतो: १२ ब्रिक्सने (त्याच्या पट्टीवरचे साखरेचे अंश) सुरू झालेली बिअर संपल्यावरही तो सहाच्या आसपास दाखवेल. सरळ कोष्टकात बघाल तर १.०२४ वाटेल, प्रत्यक्षात असते १.०११-१.०१२. दुरुस्तीची सूत्रं आहेत, सुरुवातीचा ब्रिक्स घालून वापरा. टिल्ट किंवा घरी जोडलेला आयस्पिंडल हे तरंगते सेन्सर द्रव हलका होईल तसे कलत जातात आणि मोबाइलवर आलेख काढतात. बघायला छान. पण अंगावर फेसाचा चिखल बसला की कल बदलतो, त्यामुळे त्यांचा शेवटचा आकडा मी नळीने पडताळल्याशिवाय मानत नाही. आलेखाचा उतार सपाट झाला, एवढं त्यांच्याकडून घ्यावं.

नाक-जिभेचं एक. नमुन्याला बटरस्कॉचसारखा, तुपकट वास आला तर डायअॅसिटिल, म्हणजे आंबताना तयार होणारा त्या वासाचा पदार्थ, शिल्लक आहे, आणि ग्रॅव्हिटी थांबली असली तरी यीस्टला अजून दोन-तीन दिवस गाळावरच राहू द्यायचं. वास पुसट असेल तर नमुन्याचे दोन पेले करा. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग थंड करून दुसऱ्याशी हुंगून बघा. गरम केलेल्यात वास वाढला तर अजून थांबा.

आता तापमान, कारण पुढच्या खेपेला तुम्ही हे ३० वर करू नये. यूएस-०५ ला १८ ते २२ आवडतं. खोली ३० ची असेल तर जोराच्या दिवसांत ड्रमच्या आत आणखी तीन-चार अंश चढतात, आणि त्यातून जे डोकं धरणारं जड अल्कोहोल तयार होतं ते नंतर जात नाही. पुण्याकडची मंडळी ड्रमला ओलं फडकं गुंडाळून पंखा लावायला सांगतात. तिकडच्या कोरड्या हवेत ते चालतं. इथे मे महिन्यात हवेतच इतकं पाणी असतं की फडकं वाळतच नाही, तीन अंश उतरले तरी नशीब. त्यापेक्षा घरात मोठं घंगाळ असेल तर त्यात पाणी भरून ड्रम उभा करा, आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदला. चिऱ्याच्या घराचं माजघर, मातीची जमीन, हे सगळ्यात थंड ठिकाण. थर्मामीटर भिंतीला नको, ड्रमच्या अंगाला चिकटवून वर कापड बांधा. जुना फ्रीज आणि तापमान धरणारा कंट्रोलर मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर यीस्टच बदला: नॉर्वेच्या शेतकऱ्यांचं क्वाइक ३० ते ४० अंशांत मजेत काम करतं, कुठल्याही समुद्रकिनाऱ्याच्या घरात शोभेल असं.

आपल्या गरमीचा एक फायदा मात्र आहे. पुढच्या खेपेला यीस्ट घालायच्या दिवशी पाव लिटर वर्ट वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढा, त्यात प्रमाणापेक्षा दुप्पट-तिप्पट यीस्ट घाला, तोंडाला सैल कापूस लावा आणि बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवा. येता-जाता हलवत राहा. दोन-तीन दिवसांत ती जिथे थांबेल, तिथेच तुमचा ड्रमही शेवटी थांबणार. ब्रुअरीत आम्ही हे प्रत्येक बॅचला करतो, आणि थंड देशात यासाठी गरम कपाट लागतं. तुम्हाला घरातली फळी पुरते. एकदा शेवट १.०११ आहे हे कळलं की ड्रम १.०१६ वर रेंगाळलाय का, हे कोणाला विचारावं लागत नाही.

आज काय करायचं ते सांगतो. झाकणाची रिंग घट्ट बसवा, पण ड्रम उघडू नका. तो दोन्ही हातांनी कडेला धरून हलकेच गोल फिरवा, तळाला बसलेलं यीस्ट वर येऊ दे. हिसळू नका, हवा मिसळली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. वजन घ्या, तारखेसह भिंतीवर खडूने लिहा. आता थंड करायला जाऊ नका, जे बिघडायचं ते पहिल्या दोन दिवसांत बिघडलं. आता उबेचा उपयोगच आहे. रोज एकाच वेळी वजन. घट थांबून सलग तीन दिवस पाच ग्रॅमच्या आत राहिली की नमुना काढा, २० अंशांवर आणून मोजा, दोन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आणि १.०१२ च्या आसपास असतील तर बाटल्या. सारखे आहेत पण १.०१५-१.०१६ आहेत, असं झालं तर पाव लिटर नमुन्यात ताजं यीस्ट घालून फळीवरची परीक्षा करा. तो नमुनाही उतरला नाही तर तोच तुमचा शेवट. उतरला तर ड्रममध्ये ताजं यीस्ट घालून थांबा.

वेळेचं म्हणाल तर सहा-सात दिवस यात जातील. बाटलीत वायू भरायला या गरमीत दहा दिवस, मग दोन दिवस फ्रीज. शिमग्याला जेमतेम पोचते. भरताना एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची, भरा. ती दगडासारखी कडक झाली की काचेच्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी फ्रीजमध्ये घाला, आणि तोवर त्या माळ्यावर नको, झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवा.